शनिवारी यंत्र गार होतं

१

रविवारी सकाळी दादांनी प्लेटरूमचं मशीन, म्हणजे छपाईच्या प्लेटा बनवायच्या खोलीतला कॉम्प्युटर, उचलून आणलं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. मांजर मेलेला उंदीर दारात आणून टाकतं तसं.

"घ्या," ते म्हणाले. "तुमचं दुसरं लेकरू."

पहिलं लेकरू माझ्या कडेवर होतं. तिने लगेच मशीनकडे हात केला. मी तिचा हात मागे घेतला, कारण पत्र्याला अजून करपलेल्या प्लास्टिकचा वास येत होता.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. पुठ्ठ्याची खोकी छापायची आमची प्रेस त्यांच्या नावावर चालते. माझा नवरा तिथे कटिंग मशीनवर असतो. थोरली जाऊ, वहिनी, प्रेसच्या कॅबिनमध्ये बसून हिशेब बघते. गेल्या कित्येक वर्षांची सगळी डिझाइनं या एका मशीनमध्ये होती. आत दोन डिस्क, एकीवरची नक्कल दुसरीवर, पण दोन्ही एकाच डब्यात. चोराला आणि आगीला सोयीचं, असं मी एकदा म्हटलं होतं. दादांनी तेव्हा हात झटकला होता. हे मशीनही त्यांनी घासाघीस करून जोडीने घेतलं होतं, एक प्रेसला आणि एक त्यांच्या मुलाच्या, माझ्या पुतण्याच्या, अभ्यासाला. दोन्हीतला पॉवर सप्लाय सगळ्यात स्वस्त.

"दुरुस्तीवाल्याने काल रात्रीच उघडून बघितलं," दादा म्हणाले. "दोन्ही डिस्क शिजल्यात. काही निघणार नाही म्हणतो. सोमवारी साबणवाल्यांना नवीन खोकं दाखवायचं होतं. काय दाखवू, हे?"

"दादा, काल माझ्या स्क्रीनवर सगळं ठीक होतं."

"तुझ्या स्क्रीनवर."

माझं काम तेवढंच. घरी बसून, पाळण्याशेजारी लॅपटॉप ठेवून, प्रेसच्या या मशीनवर नजर ठेवायची. मशीनच्या आत बारीक बारीक सेन्सर असतात. एक उष्णता मोजतो, एक पंख्याचे फेरे, एक विजेचा दाब. एक छोटा प्रोग्राम ते आकडे माझ्याकडे पाठवत राहतो. मर्यादा ओलांडली की माझा लॅपटॉप बोंबलतो आणि मी फोन करते. शनिवारी तो बोंबलला नाही.

"तू बाळाला पाजत बसली असशील," दारातून वहिनीचा आवाज आला. ती वरच्या मजल्यावरून कधी उतरली ते कळलंच नव्हतं. "त्यात काय एवढं. होतं असं. फक्त कबूल करावं माणसाने."

दादा माझ्या नवऱ्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "आज संध्याकाळी वर या. सगळ्यांसमोर ठरवू. ज्या घराची चूक, त्या घराने प्रेस सोडायची. मी बोललो ते बोललो."

नवऱ्याने मान डोलावली. शाळा सुटल्यापासून तो त्या कटिंग मशीनवर आहे. दुसरं काही त्याला येत नाही आणि यायला हवं असंही त्याला कधी वाटलं नाही.

ती दोघं गेल्यावर मी मुलीला त्याच्याकडे दिलं आणि मशीनचं बाजूचं झाकण सरकवलं. त्याला स्क्रू लागत नाही. डिस्कच्या पुढ्यात दोन पंखे असतात. ते अडकले नव्हते, जळलेही नव्हते. त्यांचे प्लग काढलेले होते. दोन्ही वायरी शेजारी शेजारी लोंबत होत्या, वेणी सोडल्यासारख्या.

"हे आपोआप निघत नाही," मी म्हटलं.

२

दुरुस्तीवाल्याला मी फोन लावला. त्याने शपथ घेतली की प्लग आधीच निघालेले होते आणि आपण दादांना ते सांगितलंही होतं. दादांनी ऐकून सोडून दिलं असणार. पंख्यातलं त्यांना एवढंच कळतं की तो छताला असतो.

मी लॅपटॉप घेऊन वर गेले. नवरा मागोमाग.

"कोणीतरी मुद्दाम पंख्यांचे प्लग काढलेत," मी दादांना सांगितलं. "आणि हे बघा, शनिवारचे आकडे. पंखे दिवसभर फिरताना दिसतायत. उष्णता बघा, चाळिशीच्या आत. ज्याचे पंखे बंद आहेत त्या मशीनचे हे आकडे असूच शकत नाहीत."

"तू आत्ता बसून बनवले असशील."

"दादा, मी हे बनवू शकते. पण मला चोरी लपवायची असती तर इतके गुळगुळीत नसते बनवले." मी बोट ठेवलं. "यात घसरणी नाहीत."

हे मी बोलायला नको होतं. नंतर वाटलं, जीभ चावायला हवी होती. पण बोलले.

आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटाचं टोक कटिंग मशीनखाली गेलं. तेव्हापासून मी उष्णता कमी आणि विजेची रेघ जास्त बघते. सुरी खाली येते तेव्हा तिची मोटर वीज ओढते. प्लेटरूमच्या मशीनमध्ये तो स्वस्तातला पॉवर सप्लाय आहे, त्यामुळे आत बारा व्होल्टच्या जागी पावणेबारा होतात, आणि रेघ क्षणभर खाली जाते. एक घसरण म्हणजे सुरी एकदा पडली. पुढची घसरण आली म्हणजे हात शाबूत आहेत. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोने असं बघत बसावं हे नवऱ्याला आवडलं नसतं.

शनिवारी रेघ सपाट होती. मी घाबरून फोन केला होता, तर तो म्हणाला होता, "अगं, सकाळपासून कापतोय. कानात कापूस आहे, नंतर बोल." आवाज धडधाकट होता. म्हणून मी गप्प बसले.

हे सगळं मी दादांना सांगितलं. दुपारी एक लांब, मंद खोलगटपणा तेवढा दिसत होता. त्या वेळी मुलगी दचकून उठली होती म्हणून मला लक्षात होता. पण तो सुरीचा नव्हता. सुरी टाचणीसारखी टोचते.

दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते शांत झाले की भीती वाटते.

"म्हणजे तुझं यंत्र खरं बोलतंय असं धरलं," ते म्हणाले, "तर शनिवारी कटिंग चाललंच नाही."

"नाही, म्हणजे..."

"आणि हा तुला फोनवर सांगतो, कापतोय. मग हा होता कुठे?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "प्लेटरूम कटिंगच्या शेजारीच आहे, नाही का?"

वहिनी हळूच म्हणाली, "बाई, नवऱ्याला वाचवायला आली आणि त्यालाच पुढे केलं."

३

जिन्यात नवरा थांबला. त्याने मुलीला माझ्याकडे दिलं, जरा जोरातच.

"तू माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"मी तुझ्या बोटांवर ठेवते."

"दादासमोर बोलायची काय गरज होती?"

"तू होतास का कटिंगला?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा सहा महिने बोलणार नाही. मग म्हणाला, "चल. प्रेसला चल. तुझ्या डोळ्यांनी बघ. तुला तेवढंच पटतं."

रविवारी प्रेस बंद असते. त्याने शटर अर्धं वर केलं आणि आम्ही वाकून आत गेलो. आत शाईचा आणि पुठ्ठ्याचा वास कोंडला होता. कटिंगच्या मशीनखाली पोती होती, कातरणीने ठासून भरलेली. वरच्या पोत्यातून साबणाच्या खोक्याच्या हिरव्या कडा डोकावत होत्या. ते काम शनिवारीच होतं. शुक्रवारी संध्याकाळी पोती उचलून नेतात, हे मलाही माहीत आहे. शनिवारी दुपारी टेम्पोत कापलेला माल गेला, तो दादांनी स्वतः चढवून घेतला होता. बोलताना विसरले, एवढंच.

"पटलं?"

"पटलं."

"माफी?"

"संध्याकाळी. आत्ता विचार करू दे."

सुरी दिवसभर पडत होती. रेघ दिवसभर सपाट होती. दोन्ही खरं असेल तर एकच अर्थ निघतो. ती रेघ या खोलीतल्या मशीनची नव्हती.

माझ्या स्क्रीनवर मशीनचं फक्त नाव येतं. प्रोग्राम आम्हीच फुकटातला बसवलेला, तो नावापलीकडे ओळख विचारत नाही. इथला प्रोग्राम बंद करून दुसऱ्या कुठल्या मशीनला हेच नाव दिलं, तर मला ते हेच वाटणार. सकाळी थोडा वेळ आकडे थांबले होतेच. मी कॅबिनला फोन केला होता तर वहिनी म्हणाली होती, "लाइन गेली असेल. सगळीकडेच बोंब आहे."

दुसरं मशीन प्रेसमधलं असेल का? कॅबिनमधलं? मी नवऱ्याला कॅबिनमधला दिवा लावायला सांगितला आणि कटिंग सुरू करायला. सुरी पडली, दिवा मिचकला. अख्खी प्रेस एकाच लाइनवर आहे. इथलं कुठलंही मशीन असतं तर त्याने सुरी दाखवली असती.

मग दिवसभर मी कोणाची नाडी बघत होते?

४

डिझायनरला आम्ही प्रेसवरच बोलावून घेतलं. लांब पाय फाकवून उभा राहतो म्हणून त्याला सगळे कंपास म्हणतात. तो आला तोच वैतागलेला.

"रविवारी बोलावता. मला वाटलं पगारवाढ आहे."

"शनिवारी प्लेटरूममध्ये तू होतास."

"होतो. अर्धा दिवस. मग दाताच्या डॉक्टरकडे. दाढ बघायची असेल तर दाखवतो, निघालेली आहे."

"मशीन शेवटचं कधी उघडलंस?"

"मी? तुम्ही धूळ काढ म्हणालात महिन्यापूर्वी. नाही काढली. लिहून घ्या, फाशी द्या."

मला वाटलं होतं त्याने धूळ काढली, म्हणूनच शनिवारी आकडे इतके खाली आले. एरवी दुपारी प्लेटरूममध्ये पन्नाशी सहज ओलांडते. वर पत्रा आहे.

"शनिवारी खोली गार होती का?"

कंपास हसला, गालाला हात लावून. "गार? ओला रुमाल मानेवर टाकून बसलो होतो. पत्र्यावर भाकरी भाजली असती."

"सकाळी तुझ्या आधी कोण आलं होतं?"

"दादा, वहिनी. रोजच येतात आधी." तो माझ्या नवऱ्याकडे न बघता म्हणाला, "एक सांगू? मी दुसरीकडे नोकरी बघतोय, ते दादांना माहीत आहे. डिझाइनं गेली तर माझीच मेहनत गेली. दुसरीकडे दाखवायला माझ्याकडे तरी काय उरलं? घर तुमचं, भांडणं तुमची. आणि आता ऐकतो, हिशेबही तुमच्याकडेच येणार, घरबसल्या. कॅबिन माझ्या कॉम्प्युटरला मिळणार म्हणे. मला कसली घाई होती मग जाळपोळीची?"

हिशेबाचं दादा आठवड्यापूर्वी जेवताना सहज म्हणाले होते. "तुला घरून जमेल, वहिनी दमते आता." वहिनी तेव्हा ताटातलं निवडत होती.

दुपारी मी एकटीच वर गेले. दादा झोपले होते. वहिनी दिवाणखान्यात कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ये. कबूल करायला आलीस?"

"विचारायला आले. शनिवारी सकाळी तुम्ही प्लेटरूममध्ये गेला होतात?"

"मी रोज जाते. दिवा लावते, खिडकी उघडते. तुझ्यासारखं लांबून नाही बघत. लांबून बघणं सोपं असतं." तिने एक टॉवेल झटकला. "तुझ्या बाळंतपणात तीन महिने मीच ते आकडे बघितले. प्रोग्राम कसा बंद करायचा, कसा चालू करायचा, नाव कसं टाकायचं, सगळं तूच शिकवलंस, बिछान्यात पडल्या पडल्या. तेव्हा काही जळलं नाही. जळलं ते तू परत घेतल्यावर."

"परत घेतलं म्हणजे? माझंच काम होतं."

"हो ना. तुझंच सगळं. कॉलेज तुझं, काम तुझं, उद्या खुर्ची तुझी." ती हसली. "घे गं बाई. मी नाकाने कांदे सोलत नाही. पण मशीन जळलं तेव्हा नजर कोणाची होती? तुझी. त्याला दुसरं उत्तर आहे का?"

मुलगी रांगत बंद दाराकडे गेली होती, पुतण्याच्या खोलीकडे. तो वसतिगृहात गेल्यापासून ती बंदच असते. मी तिला उचलायला वाकले.

तेवढ्यात खाली पाण्याचा पंप सुरू झाला. वहिनीच्या डोक्यावरचा पंखा मंदावला, ट्यूब पिवळट पडली, आणि पंप चालू असेपर्यंत तशीच राहिली. मुलगी पंख्याकडे बघून रडायला लागली. या इमारतीत हे रोज दुपारी होतं. पंखा मंदावला की ती दचकते. शनिवारीही दचकली होती, झोपेतून.

लांब, मंद खोलगटपणा.

"काय झालं?" वहिनीने विचारलं. "तोंड का असं?"

"काही नाही," मी म्हटलं. "हिला भूक लागली."

५

संध्याकाळी वरच्या दिवाणखान्यात आम्ही बसलो. दादा खुर्चीत, वहिनी त्यांच्या शेजारी, नवरा दाराजवळ उभा, जसं काही आधीच निघालाय. कंपासला मी बोलावलं होतं. दादांना ते आवडलं नाही.

"घरच्या गोष्टीत हा कशाला?"

"कारण तुम्ही म्हणालात सगळ्यांसमोर," मी म्हटलं. "शनिवारी मला प्लेटरूमचे म्हणून जे आकडे आले ते प्लेटरूमचे नव्हते. तिथे पत्रा तापला होता, माझे आकडे गार होते. तिथे सुरी पडत होती, ते तुम्हाला माहीत आहे. टेम्पो तुम्हीच भरलात."

दादांनी मान हलवली. आठवलं असावं.

"सुरी पडली की अख्ख्या प्रेसचे दिवे मिचकतात. म्हणजे आकडे पाठवणारं मशीन प्रेसमध्ये नव्हतंच. पण त्याच्यात तेच सेन्सर होते, तितकेच पंखे, त्याच नावांचे. अशी दुसरी मशीनं दुकानात कितीही मिळतील. आपल्या माहितीचं एकच आहे."

वहिनीने पदर नीट केला.

"शनिवारी दुपारी त्या रेघेत एक लांब खोलगटपणा आहे. सुरीची घसरण टोचल्यासारखी असते. ही बसल्यासारखी आहे. आपला पाण्याचा पंप सुरू झाल्यावर ट्यूब बसते ना, तशी. त्याच वेळी खाली माझी मुलगी पंखा मंदावला म्हणून उठली." मी भिंतीपलीकडच्या बंद दाराकडे बघितलं. "मी म्हणत होते, मैलभर लांबचं मशीन बघतेय. ते माझ्या डोक्यावर होतं."

"काखेत कळसा," कंपास पुटपुटला. दादांनी त्याच्याकडे बघितल्यावर गालाला हात लावून गप्प झाला.

"तोंडी गोष्टी आहेत या," दादा म्हणाले.

"तोंडी नाही. पुतण्याच्या खोलीतलं मशीन लावा, त्याला प्रोग्राम जोडते. पंप सुरू करा. दोन रेघा शेजारी ठेवा."

दादा उठले. मशीन त्यांनी स्वतः लावलं, माझ्या सांगण्यावरून, एकेक बटण घाबरत. माऊस असा धरला होता की जिवंत असावा. नवरा खाली जाऊन पंप लावून आला. माझ्या लॅपटॉपवर रेघ चालायला लागली, मग बसली. शनिवारच्या रेघेवर मी ती ठेवली. कोणाला काही समजावावं लागलं नाही.

"म्हणजे वरून केलं," दादा म्हणाले. "या घरातून."

"या घराची किल्ली कंपासकडे नाही. आमच्याकडे नाही."

"मग मी केलं म्हण ना."

"तुम्हाला नाव टाकता येत नाही, दादा."

ते खुर्चीत बसले नाहीत. पुतण्याच्या खोलीच्या उंबऱ्यातच उभे राहिले, त्या मशीनचा घुर्र आवाज ऐकत. मला वाटलं आता ते माझ्यावर ओरडतील आणि मी मुलीला छातीशी घेतलं.

"शनिवारी सकाळी अंघोळीला जाताना हा आवाज येत होता," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "मी विचारलं, पोरगं नाही तर हे का चालू? तू म्हणालीस, त्याला लागणाऱ्या फाइली उतरवतेय. मी म्हटलं, बरं."

खोलीत फक्त मशीनचे पंखे होते.

"बरं म्हटलं होतं मी," दादा पुन्हा म्हणाले.

"मला जाळायचं नव्हतं," वहिनी म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखाच होता, घड्या घालताना असतो तसा. "तापलं की मशीन आपोआप बंद पडतं, हे हिनेच शिकवलं. मला वाटलं बंद पडेल. तासभर काम खोळंबेल, तुम्ही चिडाल, म्हणाल की लांबून बघून काही होत नाही, कॅबिनमध्ये माणूस लागतं. एवढंच."

"बंद पडतो तो प्रोसेसर तापला तर," मी म्हटलं. "त्याचा पंखा वेगळा असतो. तुम्ही काढले ते डिस्कचे. डिस्क बंद पडत नाही. ती शिजत राहते."

"ते नाही शिकवलंस," वहिनी म्हणाली.

कंपासने खाली बघितलं. त्या डिस्कमध्ये त्याची सगळी कारकीर्द होती.

दाराजवळून नवरा पुढे आला. "दादा, झालं ते झालं. घरातलं घरात राहू दे. वहिनीने रागाच्या भरात..."

"नाही," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नवऱ्यानेही, आणि त्याची नजर एरवी दादांकडे बघताना असते तशी होती.

"सकाळी तू निघायला तयार झाला होतास," मी त्याला म्हटलं. "न केलेल्या चुकीसाठी. तेव्हा कोणी म्हणालं नाही की घरातलं घरात राहू दे. रागाच्या भरात माणूस ओरडतं. नाव बदलून, मशीन लावून, सकाळी फोनवर मला लाइन गेली असेल असं सांगून, दिवसभर थंड डोक्याने हिशेब लिहीत बसत नाही. आणि नंतर दादा तुझ्यावर घसरले, तेव्हा वहिनी काय म्हणाल्या? मी नवऱ्याला पुढे केलं म्हणाल्या. त्यांना माहीत होतं तू काही केलं नाहीस. तरी म्हणाल्या."

तो परत दाराला टेकला.

दादा उंबऱ्यातून बाहेर आले. त्यांनी पुतण्याच्या खोलीचं दार लोटलं, आवाज बंद झाला नाही, फक्त कमी झाला.

"मी बोललो ते बोललो," ते म्हणाले. "चूक या घराची. उद्या प्रेसवर सगळ्यांना मीच सांगेन. कशी झाली ते सांगेन, नाव घेऊन. साबणवाल्यांना मीच जाऊन भेटेन, पाया पडायचं तर मी पडेन. त्यानंतर प्रेस तू चालव." हे माझ्या नवऱ्याला. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यात माया नव्हती. "तुला बरं वाटलं असेल."

"मला माझ्या नवऱ्याचं काम हवं होतं, दादा. तुमचं नव्हतं मागितलं."

"दोन्ही मिळालं."

नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दादांनी हात वर केला आणि तो विषय तिथे संपला. तो या घरात असाच संपतो.

सोमवारी दादांनी प्रेसवर सगळं सांगितलं. कोणी सांगायला आलं नाही की कसं सांगितलं. नवरा संध्याकाळी परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता आणि जेवताना त्याने एवढंच म्हटलं की दादा बोलताना एकदाही थांबले नाहीत.

मंगळवारी सकाळी मी मुलीला घेऊन वर गच्चीकडे चालले होते आणि वहिनी खाली येत होती. खांद्याला रिकामी पिशवी, कॅबिनमधलं तिचं सामान आणायला निघाली असावी. आमचा जिना अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस नीट जातं. एरवी मीच भिंतीला टेकून उभी राहते. मोठी आहे, थोरली आहे, म्हणून. लग्न झाल्यापासून तसंच.

"बाजूला हो," ती म्हणाली.

मुलगी कडेवर जड झाली होती आणि तिने माझं मंगळसूत्र मुठीत धरून ओढलं होतं.

"तुम्ही व्हा, वहिनी," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही. मग तिने पिशवी छातीशी घेतली, भिंतीला पाठ लावली, आणि मी तिच्या समोरून वर गेले.